कपारीच्या तोंडाशी ठेवलेली पहार

मी पहार बोलतेय. शेतात खड्डे खणणारी ती उंच, सरळसोट पहार नव्हे. मी आखूड आहे, जेमतेम माणसाच्या कमरेएवढी, आणि एका टोकाला किंचित वाकलेली. आल्प्सच्या डोंगरात, उरी परगण्यात, स्फटिक शोधत फिरणारी माणसं असतात. पिढ्यान् पिढ्या त्यांचा हाच नाद. त्यांच्या हातातली मी. खडकाच्या फटीत टोक घालायचं आणि माणसाने अंग टाकलं की फट रुंद करायची, एवढंच माझं काम.

जन्माने मीही दगडच. कुठल्यातरी डोंगरातलं तांबूस खनिज भट्टीत गेलं, त्याचं लोखंड झालं, लोखंडाचा घोडागाडीचा आस झाला आणि गाडी मोडल्यावर तो आस आमच्या गावच्या जोस्ट लोहाराच्या अंगणात पडून राहिला. एका वसंतात आम्ब्रोस ट्रेश नावाचा एक स्फटिकवाला तिथे आला आणि तो आस पायाने उलटापालटा करत म्हणाला, "यातून मला एक पहार काढून दे. टोक किती वाकवायचं ते मी शेजारी बसून सांगतो."

"माझ्या धंद्यातलं मला शिकवू नकोस," जोस्ट म्हणाला.

"मग तुझ्या मनासारखी कर आणि तूच घेऊन जा डोंगरावर."

दोघांनी दुपारभर असं भांडत भांडत मला घडवलं. वाकलेलं टोक आम्ब्रोसच्या मनगटाच्या वळणाचं झालं. दुसऱ्या टोकापाशी त्याने स्वतः छिन्नीने आपल्या नावाची दोन अक्षरं ठोकली. मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं. आपण कुणाचे आहोत हे अंगावर लिहिलेलं असलं की निम्मी काळजी मिटते, असं तेव्हा वाटायचं.

आम्ब्रोस उंच, हाडकुळा आणि अबोल. म्हणजे माणसांशी अबोल. दगडांशी तो दिवसभर बोलायचा. त्याचा हात सगळ्या खोऱ्यात नावाजलेला. बर्फाने घट्ट झालेल्या मातीतून तो बोटभर स्फटिक असा सोडवायचा की त्याच्या कडेला खरचटायचंही नाही. खानावळीत पत्ते खेळताना लोक म्हणायचे, आम्ब्रोसचा हात चुकत नाही. तो मान खाली घालून पानं लावत बसायचा, पण ऐकत असायचा. हे मी खात्रीने सांगते, कारण दुसऱ्या दिवशी माझ्यावरची त्याची मूठ जरा जास्तच आवळलेली असायची.

बायको लवकर गेली. मुलगी एकच, व्रेनी. ती बारा वर्षांची झाली तेव्हापासून बापामागून वर येऊ लागली. गावाला ते पटलं नव्हतं. डोंगरावर, कपारीत, हे पुरुषांचं काम, असं सगळ्यांचं म्हणणं. आम्ब्रोसने मात्र तिला जाड तळाचे बूट करून आणले आणि पाठीवर भाकरीचं, चीजचं ओझं दिलं.

दगडांची सगळी विद्या तिने माझ्या टोकाने शिकली. तो तिला एकेक तुकडा द्यायचा आणि म्हणायचा, "ओरखड."

ती ओरखडायची. चुनखडीतल्या पांढऱ्या कॅल्साइटवर माझा चरा सहज उठायचा. गुलाबी फ्लोराइटवर जरा जोर लावून उठायचा. फेल्डस्पारवर माझं टोक घसरायचं, आणि स्फटिकावर ओढलं की त्याला काहीच व्हायचं नाही, उलट माझंच लोखंड त्याच्यावर राखाडी रेघ होऊन उतरायचं.

"आता कोण कठीण?" आम्ब्रोस विचारायचा.

"स्फटिक. पहारीपेक्षा."

"हे विसरायचं नाही. कठीण आहे म्हणजे फुटत नाही असं नव्हे. चरा न पडणारी वस्तू ठोक्याने फुटते."

मला तेव्हा हे जरा लागलंच. पण खोटं नव्हतं.

एकदा तिने ग्रॅनाइटचा तुकडा हातात घेऊन विचारलं, "बाबा, याला खनिज म्हणायचं का?"

"तो खडक. नीट बघ. काळं चमकतं ते अभ्रक, दुधी दिसतं ते फेल्डस्पार, काचेसारखं आहे ती गार. तीन बिऱ्हाडं एका घरात. खनिज म्हणजे एकच वस्तू, आतून बाहेरून तीच. कुठेही फोड, तीच निघणार."

"आणि रत्न?"

"शहरातल्या बायका ज्याच्यासाठी मान पुढे करतात ते."

ती हसली. तोही हसला असावा; त्याच्या मिशीमुळे नक्की कळायचं नाही. मग जरा वेळाने तो म्हणाला, "डोंगराला रत्न ठाऊक नाही, पोरी. त्याने खनिज केलं. स्वच्छ निघालं, रंगाचं निघालं, घासून झळाळी टिकवण्याइतकं कठीण निघालं, की माणसं त्याला रत्न म्हणतात. त्याच डोंगरात, त्याच मातीत, त्याचाच गढूळ भाऊ पडलेला असतो. त्याच्याकडे कुणी बघत नाही."

काळ्या सुळक्याकडे जाताना वाटेत एक लांब उतार लागतो. तिथला खडक पापुद्र्यापापुद्र्यांचा, चंदेरी, पाय ठेवला की पत्रे निसटतात. त्यात तामड्याचे वाटाण्याएवढे लाल मणी अडकलेले असतात. आम्ब्रोस तिथे नेहमी विसाव्याला थांबायचा.

"हा चिखल होता," तो म्हणायचा. "समुद्राच्या तळाचा."

"इथे समुद्र होता?"

"तुझ्या आजीच्या जन्माआधी."

मग तो समजावून सांगायचा. चिखलावर चिखल साचला, त्यावर डोंगर चढले. खाली दाब आणि उष्णता एवढी की चिखल चिखल राहिला नाही. पण तो वितळलाही नाही. वितळून थंड झालेला तो ग्रॅनाइटसारखा खडक, हा निराळा. हा घट्ट राहूनच आतून बदलला. त्यातली माती अभ्रक झाली, अभ्रकाचे पत्रे दाबाने एका दिशेला आडवे झाले, आणि मधल्यामध्ये हे लाल मणी वाढले. चुनखडीचा संगमरवर होतो तो असाच, आणि ग्रॅनाइटचा पट्ट्यापट्ट्यांचा नाइस दगड होतो तोही असाच. याला रूपांतरित खडक म्हणतात. "वरून काय काय आलं ते त्याने सोसलं," आम्ब्रोस म्हणायचा, "आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही." हे तो फार कौतुकाने म्हणायचा. मला वाटतं, त्याला तोच खडक सगळ्यांत जास्त आवडत असावा, आणि तिथेच त्याचं चुकलं.

एकोणीसशे एक्कावन्न सालच्या ऑगस्टात आम्हाला ती कपार सापडली. व्रेनी तेव्हा एकोणीस वर्षांची होती. तिसरा मेल्क, आम्ब्रोसचा डोंगरावरचा जोडीदार. गोल तोंडाचा, बडबड्या, स्वयंपाकाची हौस असलेला माणूस.

काळ्या सुळक्याच्या उत्तरेच्या अंगाला खडकात गारेची पांढरी पट्टी दिसली. पट्टीच्या बाजूचा दगड झिजून पोकळ झालेला, आणि खालून हिरवट रेती सांडलेली. स्फटिकवाल्याला एवढी खूण पुरते: आत कपार आहे. डोंगर वर उचलले जात होते तेव्हा खोल आत खडक तडकला, त्या तड्यात कढत पाणी भरलं. पाण्याने भिंतीतली गार विरघळवून घेतली आणि पाणी निवत गेलं तशी लाखो वर्षांत ती कणाकणाने परत भिंतीला लावली. खडकाने दिलेलं त्याला परत मिळालं, पण सहा कोनांचं आणि पारदर्शक होऊन. स्फटिक म्हणजे एवढंच. त्यातले काही धुरकट, काळे असतात. भोवतालच्या ग्रॅनाइटमधून अगदी मंद किरण निघतात आणि त्यांनी स्फटिक वर्षानुवर्षं काळवंडत जातो, असं एका प्रोफेसरांनी आम्ब्रोसला सांगितलं होतं. आम्ब्रोसला ते पटलं होतं, कारण उंचावर, ग्रॅनाइटमध्येच काळे मिळतात हे त्याच्या बापालाही ठाऊक होतं.

आम्ब्रोस पोटावर आडवा होऊन खांद्यापर्यंत आत गेला. बराच वेळ हलला नाही. मग बाहेर न येताच म्हणाला, "व्रेनी, मोठा आहे. काळा. लहान मुलाएवढा."

मेल्क तेव्हा खाली ओढ्याकाठी सूप ढवळत होता. त्याला काही ऐकू गेलं नाही.

आत माती गोठलेली होती. आम्ब्रोसने माझं टोक स्फटिकाच्या बुंध्यापाशी मातीत घातलं आणि हळूहळू दाबू लागला. एकदा दाबलं, दोनदा दाबलं. तिसऱ्यांदा मातीखालचं बर्फ एकदम सुटलं आणि मी निसटले. माझं टोक स्फटिकाच्या बुंध्यावर बसलं. आवाज अगदी बारीक झाला, नखाने कप वाजवावा एवढा. पण माझ्या अंगातून तो सरळ वर गेला, आम्ब्रोसच्या मनगटात.

त्याची मूठ थांबली. त्याला कळलं. त्या हाताला असलं काही कळलं नाही, असं कधीच झालं नव्हतं.

मग त्याने बोटांनी उरलेली माती काढली, स्फटिक मातीसकट ओढून बाहेर आणला आणि व्रेनीच्या हातात दिला. "शेवाळात गुंडाळ. सावलीत ठेव," तो म्हणाला आणि परत आत शिरला.

कपारीत बारा महिने बर्फासारखा गारठा असतो. तिथून निघालेला मोठा स्फटिक एकदम उन्हात धरला तर तडकतो. म्हणून त्याला ओल्या मातीत, शेवाळात ठेवून सावकाश निवू… नव्हे, सावकाश उबू द्यावा लागतो, दोन-दोन दिवस. हे आमच्या खोऱ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. व्रेनीलाही ठाऊक होतं. तिने त्याला सावलीत ठेवलं, शेवाळ लावलं. आणि मग तिला राहवलं नाही. एकोणीस वर्षांची पोर, हातात आयुष्यातला पहिला मोठा दगड. तिने एका अंगाची माती पुसली आणि आतून कसा दिसतो ते बघायला क्षणभर उन्हासमोर धरला. तिच्या तोंडावर चहाच्या रंगाचा उजेड पडला. मी कपारीच्या तोंडाशी टेकून उभी होते, मला तो दिसला.

तेवढ्यात स्फटिक तिच्या हातात दुभंगला.

आम्ब्रोस बाहेर आला. मेल्क सूप झालं म्हणून सांगायला वर येत होता, तोही पोचला. दोघांनी बघितलं: ओले हात, दोन तुकडे आणि लख्ख ऊन. व्रेनी रडत नव्हती. ती बापाकडे बघत होती, आणि एवढंच म्हणाली, "बाबा, मी उन्हात धरला."

त्या वेळी त्याने बोलायचं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी वाट बघत राहिले. मला जीभ असती तर मीच ओरडले असते, की पोरी, तो आधीच गेला होता, माझ्या टोकाने गेला होता, तुझ्या उन्हाने फक्त उघडा पडला.

आम्ब्रोस म्हणाला, "सांगितलं होतं ना तुला."

मेल्कने वातावरण हलकं करायला काहीतरी चेष्टा केली. आणि रविवारी चर्चसमोर तीच चेष्टा रंगवून सांगितली. त्याच्या मनात वाईट नव्हतं, पण जीभ सैल. महिन्याभरात व्रेनीचं नाव पडलं: ऊनवाली. दूध घ्यायला गेली तरी ऊनवाली. खानावळीत कुणी खिडकीचा पडदा ओढला तर दुसरा म्हणायचा, "ओढ बाबा, ऊनवाली येतेय." बायकांना डोंगरावर नेलं की हे असं होतं, असं म्हणणाऱ्यांना तर पर्वणीच. पुढच्या उन्हाळ्यात तिला कुणीही बरोबर घ्यायला तयार झालं नाही. बापाला ती विचारायला गेली नाही, बापाने तिला बोलावलं नाही. ती लुझर्न शहरात निघून गेली आणि एका चष्मेवाल्याकडे भिंगं घासायच्या कामाला लागली.

आमच्याकडे एक रीत आहे. कपार सापडली आणि लगेच रिकामी करता आली नाही, तर तिच्या तोंडाशी आपलं हत्यार ठेवायचं, दिसेल असं, त्यावर आपली अक्षरं आणि साल. मग ती कपार त्याची. दुसरा कुणी बोटही लावत नाही. मात्र दर उन्हाळ्यात येऊन नवं साल घालावं लागतं. एखाद्या वर्षी घातलं नाही, की पुढच्या हंगामात जो पहिला येईल त्याची.

आम्ब्रोसने ते दोन तुकडे परत कपारीत ठेवले, ओल्या मातीत. तोंडाला दगड रचले. आणि दगडांवर मला आडवी ठेवून माझ्या अंगावर साल ठोकलं, एक्कावन्न. मग दोघे पुरुष आणि एक मुलगी, तिघं तीन वाटा असल्यासारखे अंतर ठेवून उतरून गेले.

त्यानंतर मी बावीस वर्षं तिथे होते.

तिथलं एकटेपण कसं असतं ते सांगते. ऑक्टोबरात बर्फ येतं ते जूनपर्यंत. बर्फाखाली अंधार नसतो, निळसर काहीतरी असतं, आणि आवाज अजिबात नसतो. आधी आधी मी आठवणी काढायचे. जोस्टची भट्टी, व्रेनीच्या हाताचा घाम, आम्ब्रोसच्या खांद्यावरची मला अडकवायची पट्टी. मग आठवणीही झिजल्या. आत कपारीत बाकीचे स्फटिक होते, पण त्यांच्याशी काय बोलणार? त्यांचं वय दीड-दोन कोटी वर्षं. त्यांना बावीस वर्षं म्हणजे काहीच नाही. मला मात्र ती फार होती. माझ्यावर गंज चढत होता. मी परत खनिज व्हायला लागले होते, बाहेरून आत, एकेक पापुद्रा.

वर्षातला एक दिवस माझा असायचा. ऑगस्टात आम्ब्रोस यायचा. मला उचलायचा, गंज खरवडायचा, नवं साल ठोकायचा. मग रचलेले दगड काढून बुंध्याकडचा अर्धा तुकडा बाहेर घ्यायचा आणि मांडीवर ठेवून बुंध्याच्या त्या जागेवरून अंगठा फिरवत बसायचा. बाकीच्या स्फटिकांना त्याने हात लावला नाही. गावाला वाटायचं, म्हाताऱ्याच्या मनाने त्या दगडाचं दुःख घेतलंय. उठताना तो दर वर्षी तेच म्हणायचा, "यंदा सांगतो तिला." पहिल्या वर्षी मी त्यावर विश्वास ठेवला. पाचव्या वर्षीही ठेवला. पुढे मला त्याचा राग यायला लागला, आणि राग येऊनही पुढच्या ऑगस्टची वाट बघत राहिले. दुसरं होतं कोण मला?

शेवटी शेवटी त्याला चढ झेपेना. त्र्याहत्तर सालच्या ऑगस्टात तो आलाच नाही.

त्याऐवजी एक परका माणूस आला, पलीकडच्या खोऱ्यातला. माझ्यासमोर उकिडवा बसून त्याने साल वाचलं, बहात्तर. इकडेतिकडे बघितलं, सुकं सॉसेज कापून खाल्लं, फटीतून आत नजर टाकली. मला हात लावला नाही. रीतीचा माणूस होता. पण जाताना हसून म्हणाला, "पुढच्या उन्हाळ्यात भेटू." तेव्हा मला खरी भीती वाटली. तो कपार रिकामी करणार, चांगले दगड नेणार आणि तो फुटका तुकडा दरीत भिरकावणार. तो तुकडा गेला की घडलं काय, हे सांगणारं जगात काही उरणार नव्हतं.

सप्टेंबरच्या शेवटी, पहिल्या बर्फाच्या तोंडावर, दोन माणसं वर आली. एक मेल्क, म्हातारा झालेला, दर दहा पावलांना थांबणारा. दुसरी एक्केचाळीस वर्षांची बाई, नाकावर चष्मा. तिला मी चालीवरून ओळखलं.

"हेच," मेल्क धापा टाकत म्हणाला. "बघ, अजून बहात्तर आहे. यंदाचं घालायला तो उरला नाही. बर्फ पडायच्या आत तुझं साल घाल, नाहीतर कपार गेली."

"मला कपार नकोय, मेल्ककाका. बाबांच्या मातीला आले होते, तुम्ही वर चल म्हणालात म्हणून आले."

"मरायच्या आधी दोन दिवस तो मला म्हणाला, व्रेनीला वर ने. एवढंच. काय ते पुढे सांगेल म्हणून मी बसून राहिलो, तर तो भिंतीकडे तोंड करून झोपला."

"तसेच होते ते."

तिने दगड काढले. हात आत घातला, माती चाचपली आणि तो अर्धा तुकडा बाहेर काढला. क्षणभर तिने नजर वळवली. बावीस वर्षं ज्याच्यामुळे गाव तुटलं तो हातात होता. मग तिने बाटलीतलं पाणी ओतून तो धुतला आणि फुटलेली बाजू डोळ्यांजवळ नेली.

तिने चष्मा कपाळावर सरकवला, तुकडा तिरपा केला, परत सरळ केला.

"काका, इकडे या."

"काय झालं?"

"लुझर्नला माझ्याकडे रोज कुणीतरी फुटकं भिंग घेऊन येतं. म्हणतात, बाई, आपोआप तडकलं, उन्हाने तडकलं, बदलून द्या. ठोक्याने फुटलं की तापून तडकलं, हे बघणं माझं काम आहे. तापून गेलेल्या भेगेला सुरुवातीची जागा अशी टोकदार नसते. ती आतून, वेडीवाकडी पसरते. हे बघा." तिने बोट ठेवलं. "हा बिंदू. पांढरा, ठेचलेला. इथून ही वलयं सुटलीत, शिंपल्यावर असतात तशी, पार वरपर्यंत. आणि बिंदूत हे तपकिरी काय आहे?"

मेल्कने वाकून बघितलं. "गंज," तो म्हणाला.

तिने मला उचललं. तिच्या हाताची ऊब मला बावीस वर्षांनी लागली, आणि ती मला कशासाठी उचलतेय ते ठाऊक असूनही बरं वाटलं. तिने माझं वाकडं टोक त्या खळगीत टेकवलं. ते तिथे बरोबर बसलं.

"बाबांची पहार," ती म्हणाली.

मेल्क खाली बसला. "त्याला कळलं नसेल, व्रेनी. आत अंधार असतो, थंडीने हात बधिर…"

"त्यांच्या हाताला कळलं नसेल?"

मेल्कने त्या खळगीवरून बोट फिरवलं.

"मी उन्हात धरला नसता तरी गावात नेऊन शेवाळ काढल्यावर तो तडकलेलाच निघाला असता. सगळ्यांसमोर. आणि सगळ्यांना कळलं असतं आम्ब्रोसचा हात चुकला." ती आता रडत होती, पण आवाज शांत होता. "बावीस वर्षं हा तुकडा इथे जपून ठेवला. फोडून टाकता आला असता, दरीत लोटता आला असता. ते नाही केलं. लुझर्न गाडीने तीन तासांवर आहे. तेही नाही केलं."

"तसाच होता तो."

"गावात सांगा, काका."

मेल्क चपापला. "मेलेल्या माणसाबद्दल? त्याच्या कबरीवरची फुलं अजून सुकली नाहीत गं."

"जिवंत बाईबद्दल बावीस वर्षं सांगत होतात ना? पहिल्यांदा कुणी सांगितलं ते मला ठाऊक आहे."

म्हाताऱ्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग मान हलवली.

तिने बाकीच्या स्फटिकांकडे ढुंकूनही बघितलं नाही. कपार मेल्कला देऊन टाकली आणि त्याने स्वतःचं हत्यार तिथे ठेवून मला सोबत घेतलं. उतरताना ती पुढे होती. चंदेरी पापुद्र्यांच्या त्या उतारावर ती थांबली नाही.

ती संध्याकाळच्या बसने लुझर्नला गेली. दुसऱ्या दिवशी मेल्कने मला आणि त्या तुकड्याला खानावळीत नेऊन पत्त्यांच्या टेबलावर ठेवलं, आणि सांगितलं. रंगवलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने एखादी गोष्ट न रंगवता सांगितली असेल. कुणी खोटं म्हणालं नाही, पण खरंही म्हणेनात. तेव्हा जोस्ट लोहार उठला. आता पंचाहत्तरीचा, एका डोळ्याने अधू. त्याने मला उचललं, टोक चाचपलं, खळगीत टेकवलं आणि थोडं फिरवून बघितलं.

"हे वळण माझ्या हातचं आहे," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाच्या पहारीला नाही."

मग एकेक जण येऊन माझं टोक त्या खळगीत घालून बघू लागला. बसलं की मला टेबलावर ठेवून जागेवर जायचा. एकजण हळूच म्हणाला, "म्हणजे उन्हाची काही चूक नव्हती," पण कुणी हसलं नाही. त्या दिवशी पत्त्यांचा डाव अर्धाच राहिला.

मी आता मेल्कच्या खोपटात खिळ्यावर टांगलेली असते. मेलेल्याची पहार कुणी वापरत नाही. मला लुझर्नला पाठवू का, असं मेल्कने व्रेनीला विचारलं होतं. तिचं कार्ड आलं, दगड पाठवा, पहार नको. मला वाईट वाटलं. फुटला तो माझ्या टोकाने, मग माझ्यावर तिने का जीव लावावा? पण बावीस वर्षं मी त्या घरचीच वाट बघितली होती, एवढं तरी कुणी ध्यानात घ्यावं. इथे बर्फ नाही, ऑगस्ट महिनाही नाही. कुणी येणार अशी आशाच नसल्यामुळे हे एकटेपण वरच्यापेक्षा निबर आहे.

माझं मागणं एकच आहे, आणि ते तुमच्याकडे आहे. हातून काही फुटलं तर त्याच जागी उभं राहून सांगा. खडकाने तोंड मिटून सोसलं तर त्यात तामडा वाढतो. माणसात तसं काही वाढताना मी बघितलं नाही.

परवा, जूनच्या शेवटी, खोपटाचं दार उघडलं. व्रेनी होती. पाठीवर झोळी, पायात जाड तळाचे बूट, आणि झोळीला बांधलेली नवी कोरी पहार. जोस्टच्या म्हाताऱ्या हातची, सरळ ओळखू आली. तिच्यावर व्रेनीची अक्षरं होती.

तिने मला खिळ्यावरून काढलं. मला वाटलं, आता नेणार. तिने माझ्या टोकावरून अंगठा फिरवला, त्या तुकड्यावर बाप फिरवायचा तसा, सावकाश. मग मला परत खिळ्यावर अडकवलं.

"चला काका," ती म्हणाली, "उन्हं चढायच्या आत ओढा ओलांडू."

दार उघडंच राहिलं. ती दोघं गल्लीतून वर निघाली. समोरच्या घरातल्या म्हातारीने खिडकीतून डोकं काढलं. ती कुठल्या नावाने हाक मारते म्हणून मी कान टवकारले, म्हणजे असते तर टवकारले असते.

"व्रेनी," म्हातारी म्हणाली, "वर चाललीस?"

"हो," व्रेनी म्हणाली, आणि चालत राहिली.